रविवारचं पळणं आणि जोडीला थोडं काम: कोल्हापुरात जमेल का?

पहाटपाळी
मंडळी, आमचा एक छोटा ग्रुप रविवारी रंकाळ्यावर पळतो. शालिनी पॅलेसच्या बाजूला जमायचं, फेऱ्या मारायच्या, स्ट्रेचिंगचं नाटक करायचं आणि मिसळ खायला जायचं. मध्यंतरी ग्रुपमधल्या एकीनं विषय काढला की एवढी धडधाकट माणसं दर आठवड्याला एकत्र येतो, तर जोडीला कुणाच्या उपयोगी पडेल असं काहीतरी करू. ब्रिटनमध्ये गुडजिम म्हणून संस्था आहे, २००९ साली लंडनमध्ये सुरू झाली. तिथे ग्रुप पळत एखाद्या कामाच्या जागी जातो, हात लावतो आणि पळत परत येतो.

झालं, लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो रविवार लाँग रनचा, त्यात खोरं-घमेलं आणू नका. दुसरा म्हणतो, तळ्याला फेऱ्या मारता आणि कठड्याखालचा कचरा दिसत नाही होय? मी मधे अडकलोय. तर विचारायचं हे की इथे पळणाऱ्यांना झेपेल असं काम कुठलं, आधी पळायचं की आधी काम, आणि विचारायचं कुणाला? अनुभव असेल तर लिहा. 'स्तुत्य उपक्रम, शुभेच्छा' नको, ते व्हॉट्सअ‍ॅपवर पोतंभर मिळालंय.

तालीमवाला
स्तुत्य उपक्रम, शुभेच्छा.

पहाटपाळी
आलात का! वाटच बघत होतो.

तालीमवाला
आता खरं सांगतो. ह्यात नवीन काय हाय भावा? तालमीत कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायला पोरं खोरं घिऊन उतरत्यात, तो व्यायामच की. दंडाला, कमरंला, पाठीला त्याच्यावानी दुसरं काय न्हाई. माती बी तयार हुती, अंग बी तयार हुतं. २०१९ च्या पुरात पेठंपेठंतल्या मंडळांनी जेवणं शिजवली, माणसं भाईर काढली. कोण पळत गेलं न्हाई, पाण्यातनं गेलं. करा तुमी, पर बॅनर करू नका. बॅनर आला की समदी बॅनरम्होरं उभारत्यात आणि खोरं भिताडाला टेकून ऱ्हातंय.

झोन_टू
मी तो पहिला तट. रंकाळ्यावरच्या त्या वादात मीच होतो, ग्रुप ओळखला मी. माझं म्हणणं साधं आहे. लाँग रनमध्ये नाडी एका पट्ट्यात ठेवून दीड-दोन तास सलग जायचं असतं. मधे थांबून वाकून प्लास्टिक उचललं की ते पळणंही नाही आणि सफाईही नाही. समाजसेवेला माझा विरोध नाही, रविवारला आहे. बुधवारी करा, मी येतो.

जास्वंद
झोन_टू, बुधवारी तू येणार नाहीस हे सगळ्या ग्रुपला माहीत आहे. मी पण त्याच ग्रुपात पळतो, विषय काढणारा माणूस मीच.

कोथरूडकर
जास्वंददादा, कल्पना आवडली. पण एक शंका, तुमच्या ग्रुपमध्ये महिला किती आहेत? कारण अशा वेळी त्यांच्या सोयीचा विचार फारसा कुणी करत नाही.

जास्वंद
दादा नाही, ताई. कोल्हापूरची आहे मी, आम्ही असंच बोलतो. पण मुद्दा बरोबर काढलात म्हणून माफ.

सोयीचं सांगतो. पळून आल्यावर घामानं चिंब, त्यात काम करून चिखल. मग स्कूटीवरून तसंच घरी. कपडे बदलायला जागा हवी, स्वच्छतागृह हवं, पिशव्या ठेवायला कुणाच्या तरी नजरेखालची जागा हवी. थंडीत साडेपाचला मिट्ट अंधार असतो, तेव्हा आडबाजूच्या टेकडीवर 'भेटू तिथंच' चालणार नाही, सगळ्यांनी मिळूनच निघायचं. आणि तासभर म्हटलं की तासभरच. घरी नाष्टा माझी वाट बघत असतो, म्हणजे मीच तो करायचा असतो. काम रंगलंय म्हणून अर्धा तास वाढवणारे पुरुष सगळ्या ग्रुपांत असतात.

साता_समुद्रापार
मूळचा कसबा बावड्याचा, सध्या इंग्लंडात. गुडजिमबरोबर पळतो म्हणून थोडं सांगतो.

तिथला ग्रुप रन आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी असतो, शनिवार-रविवारच्या पळण्याशी त्याचं भांडणच नाही. झोन_टू, तुमचा बुधवार तिथे आधीपासून आहे! अंतर जास्त नसतं, सगळ्यात हळू पळणाऱ्याला सोडून कुणी पुढे जात नाही आणि चालत येणाऱ्यांनाही घेतात. पुढे एक जण, मागे एक जण. पोचल्यावर काम तयार असतं. कधी बागेत खत-माती पसरायची, कधी गरजूंसाठी आलेलं धान्य लावून ठेवायचं, कधी पत्रकं वाटायची. काम आम्ही शोधत नाही, ज्यांना गरज असते ते मागतात. हत्यारं त्यांची आणि काय करायचं हे दाखवणारा माणूसही त्यांचाच. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. वीस माणसं ताज्या दमानं येतात आणि हातमोजे चारच निघतात, तिथे उपक्रम मरतो.

आणखी दोन प्रकार आहेत. एक म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं एकदाच करायचं काम, जड कपाट हलवणं, बागेत माजलेलं गवत काढणं असं. दुसरा मला जास्त आवडतो. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे एक जण नेमानं पळत जातो, गप्पा मारतो, परत येतो. त्या आजींना 'कोच' म्हणायचं, कारण त्या वाट बघत असतात म्हणून आपल्याला पावसातही बाहेर पडावं लागतं. त्यासाठी पळणाऱ्याची पार्श्वभूमी आधी तपासून घेतात, कुणालाही उठून पाठवत नाहीत.

तालीमवाला
आजीकडं बसायला पळत कशाला जायला पायजे? आमच्या गल्लीत म्हातारीनं दार उघडलं न्हाई तर धा मिंटात चार बायका कडी वाजवत्यात.

साता_समुद्रापार
दादा, गल्लीत हो. माझे आई-वडील आता अपार्टमेंटमध्ये आहेत. समोरच्या फ्लॅटला कुलूप, खालचे नवीन आलेले. मी इथून रोज व्हिडिओ कॉल करतो, पण माळ्यावरची पिशवी कॉलवरून खाली येत नाही.

तालीमवाला
हे मातर खरं. बावड्यात कुठं ऱ्हात्यात? हितं नको, निरोप धाडा. आमची पोरं हाईत तिकडं.

हाडवैद्य_नव्हे
फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी-नंतरच्या प्रश्नावर बोलते.

छोटं पळणं, मग काम, मग आरामात परत, हा क्रम बरा. पळण्यानं अंग गरम होतं, सांधे मोकळे होतात, ते कामाला उपयोगी पडतं. उलट लाँग रन संपवून थकलेल्या पायांनी पोती उचलायला गेलात तर वाकायचं काम मांड्यांनी करायचं ते कमरेवर येतं. पाठ धरते ती बहुतेक अशीच. ओझं अंगाजवळ धरा, गुडघ्यात वाका, उचलून धरलेलं असताना कमरेतून पिळू नका. दोघांत एक पोतं घेतलं म्हणून कुणी हसत नाही.

कामावर थांबलात की घाम वाऱ्यानं गार पडतो, हिवाळ्यात एक कोरडा टी-शर्ट जवळ ठेवा. पळण्याचे शूज चिखलात घालू नका, त्यांचा तळ ओल्या दगडावर घसरतो. पाणी प्या, आणि उन्हाळ्यात नऊच्या आत आवरा.

एरवी घरात बसणाऱ्यांना मात्र माझा वेगळाच सल्ला आहे. तुम्हाला पळायचं नसेल तर चालत या आणि काम करा. खणणं, पाणी वाहणं, झाडणं यात व्यायाम होतोच. तालीमवाले दादा बोलले ते खोटं नाही.

तालीमवाला
डाक्टरीण बाईंचा इजय असो.

घडी_सुटी
कचरा उचलायचा विचार असेल तर माझे चार शब्द. मी ओला-सुका वेगळा करण्याच्या कामात आहे.

पळता पळता कचरा उचलायचा प्रकार स्वीडनमधून आला, २०१६ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये सुरू झाला. आपल्याकडे २०१९ च्या २ ऑक्टोबरला त्याची देशभर मोठी मोहीमही झाली. फोटो छान येतात. पण पोती भरली की पुढे काय? मी पाहिलंय की सकाळी सातला पोती भरून रस्त्याकडेला ओळीनं ठेवली, मंडळी गेली, कचरा नेणारा टिपर आधीच येऊन गेला होता, आणि दुपारपर्यंत कुत्र्यांनी सगळं परत पसरलं. त्यामुळे टिपर त्या भागात किती वाजता येतो ते आधी बघा आणि पळण्याची वेळ त्यावरून ठरवा. तिथल्या मुकादमाशी ओळख करून घ्या. वरच्या पत्रापेक्षा ती जास्त चालते.

दुसरं नाजूक आहे. पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा, पत्रा हे कुणाच्या तरी पोटाचं असतं. पहाटे रंकाळ्यावर वेचणाऱ्या बायका तुमच्याही आधी आलेल्या असतात. तुम्ही बाटल्या गोळा करून दुसऱ्या कचऱ्यात कोंबल्या की त्यांचा दिवस गेला. बाटल्या वेगळ्या ठेवा आणि त्यांच्याच हातात द्या. तुम्ही उचला ते ज्याला भंगारवाला हात लावत नाही, म्हणजे गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोल. काच असते, साधे रबरी हातमोजे चालत नाहीत.

झोन_टू
हे मला माहीत नव्हतं. बाटल्यांचं.

जुना_रंकाळा
रंकाळ्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. वय झालं, आता पळत नाही, संध्यामठाकडे तोंड करून बसतो. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढायचा मोह पळणाऱ्यांनी आवरावा. एक तर खोल पाणी, वेली पायात गुंततात, पोहणाराही फसतो. दुसरं, ते झाड निम्मं काढून उरलेलं ठेवलं तर बघता बघता पुन्हा पसरतं, कारण सांडपाण्यातून त्याला खुराक मिळत राहतो. नाले बंद केल्याशिवाय नुसतं वर काढून भागत नाही, आणि नाला बंद करणं हे तुमच्या घमेल्याचं काम नव्हे. तिसरं, त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं. काठावर काढलेला ढीग उचलायला गाडी नसेल तर पहिल्या पावसात तो परत तळ्यात.

तुम्हाला रंकाळ्यासाठी काही करायचं असेल तर गणपतीत करा. पंचगंगा घाट, रंकाळा, इराणी खण, सगळीकडे निर्माल्य वेगळं घ्यायला आणि दान आलेल्या मूर्ती नीट उतरवून घ्यायला माणसं कमी पडतात. रात्री उशिरापर्यंत उभं राहावं लागतं. तुमच्यासारखी दमाची माणसं तिथे हवीत.

मिरचीठेचा
अवांतर: दमाची माणसं मिसळीच्या दुसऱ्या रश्श्यालाही हवीत. ग्रुप कुठे जातो ते सांगा, मी पळत नाही पण समाजसेवा करेन.

पहाटपाळी
ते सांगितलं तर धागा तिकडेच वळेल. आमच्याच ग्रुपात त्यावर तीन तट आहेत.

मिरचीठेचा
म्हणजे कामापेक्षा मिसळीवर मतभेद जास्त. ग्रुप अस्सल आहे.

वडाची_पारंबी
झाडं! अजून कुणी झाडं काढली नाहीत याचं नवल वाटलं.

पावसाळ्यात रोपं लावायला माणसांचा तोटा नसतो. जुलैमध्ये टेकडीवर रोपापेक्षा मोबाइल जास्त असतात. खरी गरज फेब्रुवारी ते मे. लावलेलं रोप पहिले दोन-तीन उन्हाळे जगवलं तर झाड होतं, नाहीतर आळ्यात काडी उभी राहते. आणि हे काम पळणाऱ्यांसाठीच बनवल्यासारखं आहे. पायथ्याशी टाकी, दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन, चढ चढून झाडाला पाणी, रिकामे कॅन घेऊन उतार. चार खेपा केल्यात की झोन_टू यांना झोन पाच, म्हणजे नाडीचा सगळ्यात वरचा पट्टा, दिसेल. रोज घोटभर देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर द्यायचं, म्हणजे मुळं खाली जातात. आळ्यात पालापाचोळा पसरायचा, ओल टिकते. आठवड्यातून एकदाच भेटणाऱ्या ग्रुपला हे गणित बरोबर बसतं.

कात्यायनीच्या बाजूचे डोंगर उन्हाळ्यात वणव्यानं जळतात. गवत वाळलं की आधीच पट्टा कापून जाळरेषा करावी लागते. तिथे वनखात्याला बरोबर घेतल्याशिवाय एक काडी कापू नका, आणि पेटवणं हे फक्त त्यांचं काम. आपण गवत कापून झाडून द्यायचं. रोपंही विचारून लावा. करंज, जांभूळ, उंबर, बहावा, ताम्हण असं इथलं लावा, दिसायला हिरवंगार म्हणून गिरिपुष्प नको.

झोन_टू
पाच-पाच लिटर दोन्ही हातांत, चढ किती आहे?

वडाची_पारंबी
लागला गळाला!

गडवाट
पळणारे आणि गड, दोन्ही माझे विषय. दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला हजारो लोक जातात, १६६० च्या त्या रात्रीची आठवण म्हणून. भारावून जातात आणि मागे बिस्किटांचे पुडे, फाटके रेनकोट सोडतात. मोहिमेनंतरच्या रविवारी त्याच वाटेवर पळत-चालत सफाई केली तर फार होईल. फक्त गडावर दगडाला हात लावू नका. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीतही आला. उत्साहाच्या भरात ढासळलेला दगड 'नीट' रचणारे, तटावरचं झुडूप मुळासकट ओढून चिरा हलवणारे मी पाहिलेत. कचरा उचला, दगड जिथे आहे तिथे राहू द्या.

शिरोळकर
पुराचं कुणीतरी बोललं म्हणून.

२०१९ ला आणि परत २०२१ ला आम्ही पाण्यात होतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं तुटलेली. सुरुवातीला मदतीच्या गाड्या इतक्या आल्या की बिस्किटं ठेवायला जागा नव्हती. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडून कुजले. पाणी उतरल्यावर आठवडाभरानं मात्र गाडी येईना. तेव्हा हवं होतं ते म्हणजे खराटा, फिनेल आणि हात. शाळेच्या वर्गात गुडघाभर गाळ, बाकं उलटी, दप्तरं भिंतीला चिकटलेली. चार दांडगी माणसं एका सकाळी एक खोली मोकळी करतात.

तुमच्या ग्रुपची यादी तयार असेल, कोण केव्हा मोकळा आहे, कुणाकडे जीप आहे, हे आधीच कागदावर असेल तर पुरानंतर तुमच्याइतकं उपयोगी कुणी नाही. दर आठवड्याला भेटणारी माणसं एकमेकांना ओळखतात. नवख्यांची गर्दी नुसती सांभाळावी लागते.

हाडवैद्य_नव्हे
शिरोळकर, पूर्ण अनुमोदन. त्याला एक जोड देते. पुराच्या गाळात जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पायावरच्या साध्या खरचटण्यातूनही. पळणाऱ्यांच्या पायाला फोड असतातच. गमबूट घाला, जखम असेल तर गाळात उतरू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या, आणि आधी डॉक्टरांना विचारा, ते गरज बघून गोळ्या देतात. नंतर ताप आला तर 'थकव्यानं असेल' म्हणून अंगावर काढू नका.

कोथरूडकर
या सगळ्यात प्रश्न राहतो तो टिकण्याचा. आमच्याकडे असा ग्रुप उत्साहात सुरू झाला, दर आठवड्याला नवी जागा, नवं काम. नदीकाठ, मग शाळेची भिंत, मग वृद्धाश्रम. सहा महिन्यांत विरला. कारण कुठेच कुणी आमची वाट बघत नव्हतं. एका वृद्धाश्रमात तर आम्ही गेल्यावर आजी-आजोबांना हॉलमध्ये आणून बसवलं, गाणी म्हणायला लावली. त्यांचा नाष्टा आमच्यामुळे थंड झाला.

जास्वंद
हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या यादीत वृद्धाश्रम होता. काढला.

पहाटपाळी
सगळं वाचलं, ग्रुपवर टाकलं, काल भेटूनही बोललो. झोन_टू दोन तास भांडला, म्हणजे त्याला पटलंय.

रविवारचा लाँग रन तसाच राहील. दर बुधवारी संध्याकाळी वेगळं भेटायचं आणि पाण्याचं काम एकाच जागी, एकाच टेकडीवर, पाऊस लागेपर्यंत. वडाची_पारंबी, तुमच्या ओळखीचं कुणी तिथे रोपं सांभाळत असेल तर त्यांनाच विचारायचं आहे की आम्ही चालू का, आणि कुठला वार सोयीचा. त्यांनी नको म्हटलं तर दुसरीकडे. कचऱ्याचं सध्या नको. गणपतीत घाटावर निर्माल्याला जायचं नक्की. आणि शिरोळकर, यादी आम्ही आजच करतोय, नावासमोर रक्तगट आणि गमबुटाचं मापही लिहितोय.

आजी-आजोबांचं मात्र अडलं. जास्वंदला ते हवंय, मला भीती वाटते. अनोळखी माणूस कुणाच्या घरात पाठवायचा, उद्या काही झालं तर?

साता_समुद्रापार
अनोळखी पाठवू नका. आपल्यातल्याच कुणाचे आई-वडील, मावशी, जुने शिक्षक यांच्यापासून सुरुवात करा. दोघांनी जायचं, पहिल्या वेळी घरच्या माणसाबरोबर. माझ्या घरापासून करा हवं तर. बाबा बोलके आहेत, फुटबॉलवर सुरू झाले की थांबत नाहीत.

तालीमवाला
कुठल्या तालमीच्या टीमचे?

साता_समुद्रापार
ते इथे लिहिलं तर निम्मे स्वयंसेवक यायचे बंद होतील.

तालीमवाला
शाणा हाय.

वडाची_पारंबी
पहाटपाळी, तिथल्या माणसाशी बोललो. बुधवार चालेल, पण संध्याकाळी नको, टँकर पहाटे येतो आणि टाकी दुपारपर्यंत संपते. सकाळी सहाला या. कॅन त्यांच्याकडे आठच आहेत, तुमचे आणा, तेलाचे असतील तर साबणानं धुऊन. पहिल्या दिवशी चौघांपेक्षा जास्त नको म्हणाले, कुठल्या झाडाला किती घालायचं ते आधी दाखवायचं आहे त्यांना.

झोन_टू
सकाळी सहा असेल तर चौघांत माझं नाव घाला. कॅन दोन आहेत माझ्याकडे.

जास्वंद
तीन नावं झाली. चौथं कोण ते रात्रीपर्यंत ग्रुपवर सांगा. आणि कुणीतरी पायथ्याच्या देवळात पिशव्या ठेवायचं विचारून ठेवा.